सोमवारचे दोन तुकडे

म्हापशाहून घेतलेला पिझ्झा धारगळला पोचेपर्यंत कोमट होई आणि पेडण्यात येईपर्यंत गार. मुलं लहान असताना रविवारी संध्याकाळी लेकीला मोटरसायकलवर मागे बसवून मी तो आणायचो. ती खोका सांभाळत ओरडायची, "बाबा, सवकाश! चीज एका कुशीक जाता!" घरी पोचताच मुलं तो उभ्या उभ्या संपवायची. गरम करायला धीर कुणाला? त्यांच्यात मीही असायचो.

बायको तेव्हा झोपलेली असे. तुयेच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती आणि पहिल्या पाळीची बस पहाटेच यायची. तिचे दोन तुकडे फ्रिजमध्ये ठेवायचे, एवढा नियम आम्ही पाळायचो. मी शिक्षक, माझी शाळा सकाळची. सोमवारी दुपारी ती घरी आली की ते गरम करून द्यायचं काम माझं.

पहिल्याच सोमवारी मी ते मायक्रोवेव्हमध्ये घातले. आधी लदलदीत झाले, ताटात पडताच चिवट. तिने ताटाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आज सोमार मां?"

तुकड्यांवर कोंबडी होती. आमच्याकडे सोमवार शिवराक, मासळी-मटण नाही. मुलांना आवडतं ते मी घेतलं होतं. तिच्या पानात ते सोमवारी पडणार, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तिने पेज वाढून घेतली. "तुमका खंय कळतला," म्हणत हसलीसुद्धा. ते हसणं मला अजून बोचतं.

पुढच्या खेपेपासून अर्धा पिझ्झा भाज्यांचा घेऊ लागलो. चिवटपणा मात्र गेला नाही. ती मुकाट चावत बसायची. शेवटी आईच माझ्यावर कडाडली, "बायलेक वहाणेचो तळवो वाढतंस काय रे? कालची कडी कधी अशी तापयतत?"

कालची कडी म्हणजे आदल्या दिवशीचं माशांचं कालवण. सकाळी बारीक आगीवर आटवून दाट झालं की पावाशी खायचं. ताज्यापेक्षा तेच आवडणारी माणसं आमच्याकडे घरोघरी आहेत. आईने पिझ्झा कधी तोंडात घातला नव्हता, पण कालचं अन्न कसं वागवायचं ते तिला ठाऊक होतं. तिने बिडाचा तवा माझ्यापुढे ठेवला.

"आग बारीक कर. आदी बूड, मगे तोंड. घाय करू नको."

तेल न घालता तुकडे तव्यावर ठेवायचे. तळ कुरकुरीत होऊ लागला की पाण्याचे दोन-चार थेंब तव्याच्या कडेला टाकायचे, तुकड्यांवर नव्हे, आणि लगेच झाकण घालायचं. वाफेने चीज विरघळतं. मग झाकण काढून थोडं सुकू द्यायचं. त्या सोमवारी बायकोने पहिला घास घेतला तेव्हा 'कुर्र' असा आवाज आला आणि आई तिकडच्या खोलीतून म्हणाली, "आता कसा!"

काही वर्षांनी बायकोची कारखान्यातली पाळी बदलली. रविवारी ती प्रथमच आमच्याबरोबर जेवायला बसली. पहिला तुकडा तिचा, असं मी मुलांना बजावलं होतं. इतक्या वर्षांचं काही फेडल्यासारखं मला वाटत होतं. तिने घास घेतला आणि दोन तुकडे दुसऱ्या दिवसासाठी बाजूला काढले.

"माझे फाल्या तव्यार करून द्या. हो पिझ्झा गार आसा."

लेक किंचाळली, "म्हणजे इतकी वर्सां आई गरम खायची आनी आमी गार?"

सगळे हसले. ती खरंच बोलली की माझं मन राखायला, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायचा धीर होत नाही.

आता आई नाही, मुलं बाहेरगावी आहेत. पिझ्झा पेडण्यातच मिळतो, हाताला चटका बसेल इतका गरम. रविवारी मी तो आणतो आणि आम्ही दोघं खोका न उघडताच फ्रिजमध्ये ठेवतो. सोमवारी दुपारी ती पानं घेते आणि मी तवा ठेवतो.