रंग लावलेली कासवं

एका उन्हाळ्यात मी कारध्याजवळ वैनगंगेतल्या वाळूच्या बेटावर कासवं मोजत होतो. सापडलेल्या कासवाच्या पाठीवर पांढरा रंग लावून सोडायचं. काही दिवसांनी पुन्हा कासवं पकडायची आणि त्यांत रंगाची किती निघाली, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधायचा.

महिनाभरानं बेटावर टरबुजाची वाडी करणारा म्हातारा माझी सहा कासवं टोपल्यात घालून घेऊन आला. त्याच्या गावात बकरीला लावलेला रंग ही मालकाची खूण.

“घ्या जी, तुमचे कासव. पळून जाऊन राहिले होते.”

“आणि बिनरंगाची?”

“ते त कोनाचेच नाई न जी. आमी खाल्ले.”

इतक्या प्रामाणिक माणसावर चिडायचं तरी कसं? मी रंगाचा डबा उचलला आणि बेटभर फिरलो. रंगवायला एकही कासव उरलं नव्हतं.