एका सकाळची आर्द्रता

"लय म्हंजे किती?"

हा त्यांचा रोजचा प्रश्न. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात ग्रंथालयात कामाला, मानवतहून एसटीने यायची. ग्रंथालयाच्या पायरीवर कुणाला तरी सांगत असायची, "आज आमच्याकडे लय धुकं होतं." की मागून आवाज यायचा, "लय म्हंजे किती, मॅडम? समोरचं झाड दिसायलं होतं का न्हाई?" धुकं, थंडी, चहातली साखर, कशालाच 'लय' हा शब्द त्यांना चालत नसे. परभणीत राहून 'लय' न चालणारा माणूस म्हणजे अवघडच. आमचं तर त्या एका शब्दावर निभतं.

ते विद्यापीठाच्या वेधशाळेत निरीक्षक होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. वेधशाळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर घुमट येईल, पण इथे तसं काही नव्हतं. शेतात तारेचं कुंपण, आत खांबांवर पांढरी झडपांची लाकडी पेटी, पेटीत चार तापमापी, शेजारी पाऊस मोजायचं भांडं. सकाळी सव्वासात ते साडेसातच्या दरम्यान आणि दुपारी सव्वादोन ते अडीचच्या दरम्यान काका पेटी उघडायचे, आकडे खिशातल्या वहीत लिहायचे आणि खोलीत येऊन शाईने मोठ्या रजिस्टरात उतरवायचे. दिवाळी असो, अंगात ताप असो, ते हजर. जोडीचा माणूस बदलून गेला होता आणि त्याची जागा कधी भरलीच नाही.

दुपारची नोंद झाली की तीनच्या सुमारास ते माझ्या दालनात यायचे. माझ्याकडे प्रबंधांची कपाटं. नवा प्रबंध आला की तो हातात घ्यायचे, नाव न वाचता थेट हवामानाचा तक्ता काढायचे, आकड्यांवरून बोट फिरवायचे आणि मिटून ठेवायचे. आपले आकडे छापलेले बघायची हौस, असं मी धरून चालले होते.

"काका, एक तरी प्रबंध पुरता वाचा की."

"वाचतो की. माझं पान वाचतो."

खरं सांगायचं तर मीही कुठे वाचत होते? मी क्रमांक बघून धूळ झटकायची. ते कपाटातून एकेक काढायला लागल्यावर मला कळलं की आपण कशाच्या राखणीला बसलोय. ज्वारीची खोडमाशी. कापसावरचे तुडतुडे. तुतीच्या पाल्यावरचा रेशीमकिडा. उन्हाळ्यात म्हशीचं दूध किती आटतं. काळी जमीन किती दिवसांत भेगाळते. खुरपणाऱ्या बाईला दिवसाच्या कोणत्या तासाला थकवा येतो. यातले लोक एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. रेशीमवाले एका टपरीवर चहा पितात, म्हशीवाले दुसऱ्या. पण प्रत्येकाच्या प्रबंधात काकांचं ते एक पान होतंच.

"सगळ्यांच्या घरी माझंच पाणी जायलंय," ते एकदा म्हणाले. मला वाटलं अभिमानाने म्हणतायत. पुढे म्हणाले, "म्हणून भ्या वाटतं."

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हा हुकूम आला की जुनी सगळी रजिस्टरं संगणकात चढवायची. वेधशाळेत आपोआप आकडे घेणारं यंत्रही बसणार होतं. काका तेव्हापासून दिवसातून दोनदा येऊ लागले. नवे प्रबंध सोडून एकाच जुन्या वर्षाचे आकडे वापरलेले प्रबंध काढायचे आणि एका कागदावर त्यांचे क्रमांक टिपायचे. चष्मा दहा वेळा पुसायचे. एका दुपारी मी न राहवून विचारलं. शेजारचं टेबल रिकामं आहे हे पाहून त्यांनी सांगितलं.

त्या वर्षी सोनपेठला त्यांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. पहाटेच्या पहिल्या गाडीने परत यायचं ठरलं होतं, ती वाटेत बंद पडली. कुंपणाशी पोचले तेव्हा साडेनऊ वाजलेले.

"पाऊस नव्हता. थंडीचा आकडा मिळाला. ती तापमापी रातची थंडी धरून ठिवती, कवाबी बगा. पर सकाळची आर्द्रता थांबत न्हाई, मॅडम. साडेसातची ती साडेसातलाच. एक दिवस चौकोन मोकळा ठिवला. दुसऱ्या दिवशी भ्यालो. चुकलेल्याच्या आदल्या दिवसाचा आन् नंतरच्या दिवसाचा आकडा धरला, दोन्हीच्या मधला भरून टाकला. अठ्ठ्याहत्तर."

मला तर हायसं वाटलं. मी काहीतरी मोठं ऐकायची तयारी केली होती. म्हटलं, "काका, सगळे आठवड्याची सरासरी वापरतात. एका दिवसानं लय फरक नाही पडत."

"लय म्हंजे किती?"

या वेळी त्यात थट्टा नव्हती. ते खरोखर उत्तराची वाट बघत होते.

तो आकडा एकोणीस प्रबंधांत गेला होता. पण त्यांना खायला उठला होता तो विसावा, अजून लिहून व्हायचा असलेला. करडईच्या पानांवर ठिपके पडतात, तो रोग कधी येईल हे आधीच सांगता यावं म्हणून एक मुलगी जुन्या रजिस्टरांवर काम करत होती. तिला सरासरी नको होती, रोजचा सकाळचा आकडा हवा होता. आणि त्या वर्षी रोग नेमका त्याच आठवड्यात भडकला होता. तिच्या कामावरून उद्या फवारणीचा सल्ला निघणार होता.

"मग सांगून टाका."

"सांगितलं आन् बाकीचे कुणीच खरे धरले न्हाईत, तर? एकतीस वर्षांचं रजिस्टर हाय, मॅडम. एक खोटा निघाला की लोक इचारणारच, अजून किती? मग ही कपाटं..."

मी काय सल्ला दिला ते लपवत नाही. मी म्हटलं, दोन महिने राहिलेत, जाऊ द्या. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले.

ते दिवस मला अजून नकोसे वाटतात. सकाळी कामावर येताना आधी कुंपणाकडे बघायची, माणूस दिसतो का. कार्यालयाचा शिपाई त्या बाजूला जाताना दिसला की हातातला चहा तसाच राहायचा. चौकशी लागली तर? आणि नाहीच सांगितलं तर त्या मुलीचं काय? घरी काही सांगता येत नव्हतं.

मग एके दिवशी तीन वाजता काका आले. काखेत कापडात गुंडाळलेलं रजिस्टर.

"चला माझ्यासंगं. सरांकडं जायलोय. एकट्यानं जमंना."

हवामान विभागाचे प्रमुख काकांपेक्षा वयाने लहान होते. त्यांच्या समोरच्या खुर्चीत तीच करडईवाली मुलगी लॅपटॉप उघडून बसलेली. मला वाटलं काका मागे फिरतील. त्यांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं, पान काढलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लग्न, गाडी, अठ्ठ्याहत्तर.

सरांनी पान जवळ ओढून तो आकडा वाचला. मग म्हणाले, "काका, हे कुणाला कधी कळलं नसतं."

"तेच की, सर."

सरांनी मुलीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. कितीतरी दिवसांची आकडेमोड तिला परत करावी लागणार होती. ती हळूच म्हणाली, "कोरा असला तर चालेल, सर. तो दिवस मी गाळू शकते." मग काकांकडे वळून तिने विचारलं, "काका, असे अजून किती आहेत?"

ज्याला ते इतके दिवस भीत होते तो प्रश्न हाच. मी टेबलाची कड धरली.

"एकच, बाई. एक हाय तर झोप न्हाई. दोन असते तर मी इथवर टिकलोच नसतो."

मग तिने लॅपटॉप पुढे ओढला, तो आकडा पुसला आणि पुढच्या दिवसावर गेली. पुढचा आकडा तिने तपासून मागितला नाही. तेव्हा कुठे मी टेबल सोडलं.

रजिस्टरात खाडाखोड करायची नसते. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, जुना आकडा खालून दिसला पाहिजे. काकांनी तशी रेघ मारली, बाजूला 'नोंद घेतली नाही' लिहिलं, सही केली. रेघ जरा तिरकी गेली. सरांनी शेजारी सही केली आणि चहा मागवला. काकांनी त्यात साखर किती, ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते एकोणीस चिठ्ठ्या घेऊन आले. एकाच मजकुराच्या, त्यांच्या नीट अक्षरात: अमुक तारखेची सकाळची आर्द्रता नोंदलेली नाही, आकडा धरू नये. प्रबंधात पेन्सिलीची खूण दिसली तरी मी पोरांना धारेवर धरते. त्या दिवशी डिंकाची बाटली मीच काढली. खोडमाशी, रेशीमकिडा, म्हशी, खुरपणाऱ्या बायका, सगळ्यांत चिठ्ठी लागली. काका प्रत्येक पान उघडून डिंक धरला का ते परत परत बघत होते.

निवृत्त होऊन ते सोनपेठकडच्या आपल्या गावी गेले. कुंपणात आता खांबावर यंत्र आहे. यंदा थंडीत त्यांच्या घरून काकूंचा फोन आला. सकाळी अंगणात खुर्चीवर बसले होते, तसेच गेले.

"लय वाईट झालं, काकू," मी म्हटलं आणि मध्येच थांबले. आम्ही दोघी एकाच प्रश्नाची वाट बघत होतो.

परवा रेशीम विभागातला एक मुलगा प्रबंध घेऊन माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, आत कुणाची तरी चिठ्ठी हाय. निघायलीय. काढून टाकू का?"

मी प्रबंध त्याच्या हातातून घेतला, खणातून डिंकाची बाटली काढली आणि ती चिठ्ठी पुन्हा चिकटवली. डिंक धरेपर्यंत अंगठ्याने दाबून ठेवली.