काकांचा कूलर
ओल्या वाळ्याचा वास आला की सिंदी मेघेतलं मित्राचं दोन खोल्यांचं घर आठवतं. तिथेच आम्ही दोघांनी ऑनलाइन खेळाची कंपनी काढली होती. त्या मे महिन्यात खेळणारे एकदम वाढले आणि उकाड्यानं बाहेरच्या खोलीतला आमचा सर्व्हर सारखा बंद पडू लागला. घरातला एकच कूलर आतल्या खोलीत, अंथरुणाला खिळलेल्या मित्राच्या वडिलांजवळ होता. आमची कुजबुज ऐकून काकाच म्हणाले, "मले पंखा पुरते. तिकडं पोरं खेळून राह्यले, त्याईचा डाव काऊन मोडता? घेऊन जा." मग रोज संध्याकाळी ते भिंतीपलीकडून विचारायचे, "आज किती जण खेळले?" आकडा वाढत गेला, त्यांचा आवाज बारीक होत गेला. तो उन्हाळा कंपनीनं काढला, काकांनी नाही. आता आमच्या सर्व्हरच्या गार खोलीत सगळे स्वेटर घालून जातात. माझ्यानं स्वेटर अंगात घालवत नाही.