मुबारकचा वाटा

अतवाला वाळू वाचता येते. आम्हा मुझैना टोळीच्या वाळवंटी लोकांत याचं कोणाला कौतुक नाही, पण अतवाला जरा जास्तच येते. माझा नवरा दुसऱ्या वस्तीत स्वतःच्याच नव्या लग्नाची बोलणी करायला जातोय, हे मला अतवानेच सांगितलं. "उम्म फरीज, तुझा माणूस नव्या चपला घालून उत्तरेला गेलाय. आणि पोट आत ओढून चाललाय." फरीजची आई म्हणजे मीच. आत ओढलेलं पोट पावलात दिसतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ते लग्न मी मोडलं, ती गोष्ट वेगळी.

तर असा हा अतवा. पन्नाशी उलटलेला, एकटा, तोंडात दात थोडे आणि शब्द त्याहून थोडे. परदेशी पाहुण्यांना वाळवंटातून फिरवणं हा त्याचा धंदा. पण हिवाळ्यात एकदा तो आणि त्याचे लहानपणचे दोस्त आपापसांतच निघतात. उंटांवर पीठ-पाणी लादायचं, उंच डोंगरांतून आठवडेच्या आठवडे चालायचं आणि समुद्राला, म्हणजे आमच्या दारात, येऊन थांबायचं. पोचले की कपड्यांसकट पाण्यात उड्या, मग बोकड, मग गाणी. पिकल्या दाढ्यांची पोरंच ती. आम्ही बायका बघून हसतो.

रिफेया सोडून.

तिचा नवरा मुबारक याच दोस्तांतला. बऱ्याच वर्षांपूर्वी शेवटच्या टप्प्यावर, समुद्र दिसायला लागल्यावर, एक सांडणी भरकटली. मुबारक तिला आणायला गेला. सांडणी आली, तो आला नाही. अतवाने माग काढला. पावलं एका सपाट खडकावर चढली होती आणि कुठूनच उतरली नव्हती. मग वारा सुटला.

प्रेत नाही, कबर नाही. वडीलधाऱ्यांनी निवाडा दिला: शेवटची पावलं ज्याने पाहिली त्याने तोंडाने 'गेला' म्हणावं, मग रिफेया मोकळी. अतवा म्हणाला नाही. उलट दरवर्षी बोकड कापला की मुबारकचाही वाटा घालायला लागला. आमच्यात मांस सारखं वाटतात. एकाने ढीग मांडायचे, दुसऱ्याने त्यांच्याकडे पाठ करून बसायचं, आणि 'हा कोणाचा?' विचारलं की मनात येईल ते नाव घ्यायचं, म्हणजे कोणाच्या वाट्याला नुसतं हाड आलं तरी भांडण नको. मुबारकचा वाटा रिफेयाच्या चुलीवर जायचा. नवरा वाटेवर आहे ना! आणि नवरा वाटेवर असलेली बाई दुसरं लग्न कसं करणार? चांगला कोळी मागणी घालायला आला होता, तो हात हलवत परत गेला.

मी म्हणायचे, "अगं, तुझ्या नवऱ्याला नेमकं बोकडाच्या दिवशीच घर आठवतं." ती हसायची नाही.

यंदा ते निघायच्या आधी ती माझ्यादेखत उंटांपाशी गेली. "अतवा, या वर्षी त्याचा वाटा घालू नकोस."

"बरं," तो म्हणाला.

ते पोचले तेव्हा ऊन कलत होतं. सुवेलमने पाण्यात उडी घेतली आणि त्याच्या डोक्याचं फडकं वाहून निघालं. हमेद ओरडला, "जाऊ दे रे! पलीकडे सौदीत तरी त्याला कोणी विचारेल!" आम्ही पोट धरून हसलो. अतवा मात्र समुद्राकडे पाठ करून उभा, आल्या वाटेकडे बघत.

मांस शिजलं. अतवाने जमलेली डोकी मोजून ढीग मांडले. हमेद पाठ करून बसला.

"हा कोणाचा?"

"सुवेलमचा."

"आणि हा?"

"उम्म फरीजचा. त्यात जीभ असेल तर काढून घ्या रे, तिला आहे ती पुरे!"

हशा झाला. नावं संपली. हमेद वळला.

एक ढीग उरला होता.

"मोजताना चुकलास, म्हाताऱ्या," हमेद म्हणाला. पण आवाज बारीक.

"नाही चुकलो. जेवढे चालत आलो तेवढे, आणि जेवढे इथे बसलात तेवढे."

"चालत कोण कोण आलं?" बायकांमधून रिफेया उठली होती. "पावलं दिसतात तुला?"

"दर वर्षी. शेवटच्या टप्प्यावर. माझ्या डाव्या अंगाला."

सुवेलमने देवाचं नाव घेतलं. मला प्रत्येक प्रसंगाला एक थट्टा सुचते. तेव्हा सुचली नाही.

रिफेया त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. मुझैनाचीच लेक ती, काय विचारायचं ते तिला कळतं. "वाळू दबते?"

"नाही दबत," अतवा खाली बघत म्हणाला. "पाऊल उमटतं, पण भार नसतो. पहिल्या वर्षीही नव्हता."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"बोललो असतो तर ती पावलंही थांबली असती, रिफेया. मग मी कोणाबरोबर चाललो असतो?"

"आणि मी?" तिने इतक्या हळू विचारलं, की लाटेच्या आवाजात ते बुडायचंच.

"तोंडाने म्हण, अतवा," एक म्हातारा बोलला.

"गेला. मुबारक गेला."

बांधलेल्या उंटांनी एकदम माना वळवल्या, डोंगराच्या वाटेकडे. आमच्यातल्या कोणीही तिकडे पाहिलं नाही.

मेलेल्याच्या नावाचं अन्न वाटून टाकायचं असतं. रिफेयाने तो ढीग उचलला, नखाएवढे तुकडे केले आणि एकेकाच्या हातावर ठेवत गेली. माझ्याही. शेवटी अतवासमोर आली. तो मूठ उघडेना.

"खा, भाऊ," ती म्हणाली. "सगळ्यांदेखत खा."

त्याने मूठ उघडली. मग तो कितीतरी वेळ चावत राहिला, डावीकडे न बघता.