तळवलीचा पेनड्राइव्ह

भुताखेतांबद्दल माझं मत विचाराल तर, जे काय असतं ते ढिल्या वायरमध्ये असतं. मी सेट-टॉप बॉक्स दुरुस्त करतो. ऐरोली ते खांदेश्वर असा एक टीव्ही नाही ज्याच्या मागची धूळ मी खाल्लेली नाही. म्हणून हे माझ्याच वाट्याला यावं, हा सरळसरळ अपमान आहे.

तळवलीत हिरामावशींचा बॉक्स अपडेट करायचा होता. माझा पेनड्राइव्ह ऑफिसात राहिलेला. त्यांच्या बॉक्सला एक लावलेला दिसला... काढला, लॅपटॉपवर फॉरमॅट मारला, अपडेटची फाइल टाकली. विचारलं नाही. दहा मिनिटांत काम फत्ते.

मावशी ताट घेऊन टीव्हीसमोर बसल्या. "बाला, आता आमचं म्हातारं लाव."

तेव्हा कळलं. त्यात गावच्या जत्रेचं रेकॉर्डिंग होतं, मावशींचे मालक पखवाज वाजवतानाचं. ते गेल्यापासून मावशी रोज दुपारी त्यांच्यासमोर जेवायच्या.

"सर्व्हरवरून परत येईल, टेन्शन नको," मी म्हणालो. साफ थाप. आणि त्याच पेनड्राइव्हने संध्याकाळपर्यंत नेरूळचे पन्नास बॉक्स अपडेट केले. बरं, अकरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी अकराही घरांतून फोन. "अहो, सीरियलमध्ये मध्येच एक आजोबा पखवाज वाजवतायत. काय लावून ठेवलंय?"

जाऊन बघतो तर मावशींच्या भिंतीवरच्या फोटोतलेच.

त्यातला एक बॉक्स उचलून तळवली गाठली. मावशींनी ताट वाढून घेतलं. स्क्रीन काळी. तासभर काळी... भात वाळला. तोच बॉक्स माझ्या घरी जोडला, तर आजोबा हजर. वाजवता वाजवता थांबले, माझ्याकडे बघून म्हणाले, "हिरा जेवली काय?"

वाटलं, हे ऐकून मावशी हरखतील. धावत जाऊन सांगितलं.

"त्या रेकॉर्डिंगमदी ते बोलत नव्हते," मावशी म्हणाल्या. "घरान पन कदी इचारलं नाय. आता इचारलं, ते पन तुला?" आणि दार लावलं.

बॉक्स तीनदा फॉरमॅट केला. आता वायर काढून कपाटात कोंबलाय. तरी रोज दुपारी आतून पखवाज वाजतो, थांबतो, तोच प्रश्न येतो. "जेवली" म्हटल्याशिवाय पुढचा ताल सुरू होत नाही. जन्मभर थापा मारत आलो, पण ही रोज घशात अडकते.