फुकटवाडीत चहा कसा देतात

परवा आमच्या ग्रुपचं जुनं चॅट लॅपटॉपवर घ्यायला गेलो तर फोनच हँग झाला. होणारच! पाच वर्षांचा माल आहे तो. आमच्यासारखी माणसं एकत्र आली की किस्से शोधावे लागत नाहीत, उलट आवरावे लागतात.

लॉकडाऊनमध्ये सणसवाडीची आमची कंपनी बंद होती. मी शिरूरला घरी बसून कंटाळलो आणि व्हॉट्सॲपवर एक गाव वसवलं. नाव फुकटवाडी. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि टाइप करून ते वठवायचं. बोलणं साधं लिहायचं, कृती दोन चांदण्यांच्या मध्ये. म्हणजे *दार उघडतो* असं. याला रोलप्ले म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. पण कृती किती सविस्तर लिहायची, हे कोणीच ठरवलं नव्हतं. सगळी भांडणं तिथूनच!

•

संतोष न्हावऱ्याचा. खऱ्या आयुष्यात कांदा आणि ऊस, फुकटवाडीतही कांदाच. एवढ्या मोठ्या जगात याने दुसरं काही निवडलं नाही. शिवाय लिहिण्याचा भयंकर कंटाळा.

प्रतिभा मॅडम दौंडच्या शाळेत मराठी शिकवतात. त्यांचं पात्र संतोषच्या शेतात खुरपायला निघालं. मॅडमनी सकाळचं ऊन लिहिलं, बांधावरचं गवत लिहिलं, पायातली चप्पल काढून कडेला ठेवली, पदर खोचला. एवढं टाइप होईपर्यंत संतोषची ओळ आली, "*कांदा लावला. वाढला. काढला. विकला.*"

मॅडम भडकल्या. "अहो, मी खुरपायला आलेय ना!"

"मॅडम, तुमी पदर खोचस्तवर ट्रक मार्केटला पोचला बी!"

•

आता दुसऱ्यांना हसलो, तर माझंही सांगायला हवं. मी कंपनीत क्वालिटी तपासायला. रोज गेज लावायचा, रीडिंग घ्यायचं, रिपोर्ट भरायचा. हाताची ती सवय फुकटवाडीत कशी सुटणार?

एकदा गावात सरपंचाच्या घराला आग लागली. आत मिथिलेश अडकलेला. हा आमच्याच कंपनीत प्रेस मशीनवर आहे, बिहारचा, सणसवाडीत खोली घेऊन राहतो. त्याला वाचवायचं काम माझ्याकडे. मी लिहिलं, "*उजव्या हाताने कडी धरली. कडी डावीकडे सरकवली. कडी पूर्ण सरकल्याची खात्री केली. दाराचा डावा पल्ला आत ढकलला. अडथळा नसल्याची खात्री केली. उजवा पल्ला...*"

मिथिलेशचा मेसेज आला, "भैया, आराम से. मैं तो राख हो गया. अब झाडू लेके आना."

•

याच मिथिलेशची आणि संतोषची फुकटवाडीच्या पारावर मारामारी झाली. संतोषने नेहमीप्रमाणे एका ओळीत निकाल लावला. "*मिथिलेशच्या कानाखाली दिली. तो पडला. रडला. माफी मागितली.*"

"ए भाई!" मिथिलेश तडकला. "मारना तेरा काम. रोना मेरा है, मैं लिखूँगा!"

आणि त्याने खरंच लिहिलं. मोडक्या मराठीत, पण सावकाश. धूळ गालाला कशी चिकटली, बाहीने तोंड कसं पुसलं, रडताना आईची हाक कशी आठवली. त्या वर्षी त्याला छटपूजेला रजा मिळाली नव्हती, हे मला तेव्हा माहीत होतं. बाकीच्यांना नव्हतं, पण कळलं.

दुसऱ्या दिवशी संतोष गाडी काढून सणसवाडीला गेला आणि मिथिलेशला मागे बसवून न्हावऱ्याला जेवायला घेऊन आला. कारण विचारलं तर म्हणाला, "काय न्हाई, तिकडं काम हुतं." संतोषला खरं बोलायचाही कंटाळा आहे.

•

मामांचं मात्र वेगळं. मामा दौंडचे, रेल्वेतून रिटायर झालेले. आयुष्यभर गार्ड. रोज सकाळी सातला त्यांचा "जय भीम" आला की ग्रुप उघडला असं समजायचं. फुकटवाडीत ते हॉटेलवाले. कोणीही या, काहीही मागा, मामांची कृती एकच, "*चहा दिला.*"

मॅडम एकदा म्हणाल्या, "मामा, थोडं सविस्तर लिहा ना. चहा कसा केला, कसा दिला?"

मामा तासभर गायब. मग मेसेज आला, "मॅडम, कसा करत्यात ते म्हाईत न्हाई."

मामी जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मामांचा दोन वेळचा डबा मेसमधून यायचा आणि निम्मा तसाच राहायचा. लेक सुजाता पिंपरीला. ती सारखी म्हणायची, घर बंद करा आणि माझ्याकडे चला. तिचंही बरोबर होतं. पण मामांना दौंड सोडायचं नव्हतं. "तिकडं आठव्या मजल्यावर मी काय करू? हितं चार माणसं हाक मारत्यात," म्हणाले.

त्या दिवसापासून फुकटवाडीचं हॉटेल हे आमचं सगळ्यांचं काम झालं.

•

मॅडमनी चहापासून सुरुवात केली. *पातेल्यात दीड कप पाणी घेते* इथपासून *गाळणं धुऊन पालथं घालते* इथपर्यंत. मामा एकेक ओळ वाचून करायचे आणि खाली लिहायचे, "झालं. पुढं."

पोह्यांच्या दिवशी मॅडमनी लिहिलं, "*चवीपुरतं मीठ घालते.*"

"चवीपुरतं म्हंजी किती? आमच्यात चवीपुरता सिग्नल नसतोय."

मग संतोषला वांगं आलं. वांग्याची भाजी त्याच्या घरची नामी. त्याने लिहिलं, "*कांदा टाकला. वांगं टाकलं. शिजलं.*" अर्ध्या तासाने मामांनी कढईचा फोटो टाकला. कोळसा!

"मामा, तेल?" संतोषने विचारलं.

"तेल कुठं लिव्हलंय?"

"आवो, तेल काय सांगायचं असतंय व्हय? ते असतंयच की!"

तेव्हापासून स्वयंपाकाची कृती आधी माझ्याकडे यायची आणि मी "तेल गरम झाल्याची खात्री केली" वगैरे घालून मामांना पाठवायचो. ज्या लिहिण्यावर सगळा ग्रुप हसायचा, त्यावर एक माणूस जेवत होता. मामा ते वहीत उतरवून घ्यायचे, तेही गाडीच्या टायमिंगसारखं. १०.०२ जिरे. १०.०३ कांदा. मी आजवर हजारो रिपोर्ट भरले, पण माझ्या लिहिण्याची एवढी किंमत कोणी केली नाही. या लोकांचे माझ्यावर उपकार आहेत, ते असे.

•

आणि मग सुजाता आली. रविवारी सकाळी, हातात मोठी रिकामी बॅग. मामांचे कपडे भरायला. या वेळी ती ऐकणार नव्हती, संध्याकाळच्या गाडीने वडलांना घेऊनच जाणार होती.

मामांनी ग्रुपवर फक्त एवढंच टाकलं, "*लेकीला बस म्हटलं. गॅस पेटवला.*"

आम्ही सगळे फोनला चिकटलो. *तेल गरम झालं.* *जिरं तडतडलं.* *वांग्याला चार चिरा दिल्या.* संतोष कांद्याला पाणी द्यायचं सोडून बांधावर बसला होता. मिथिलेशने विचारलं, "नमक डाला ना?" पावणेबाराला शेवटची ओळ आली, "*ताट वाढलं.*"

मग काहीच नाही. एक वाजला, दोन वाजले. मॅडमनी मला दोनदा फोन केला. मलाही काही माहीत नव्हतं.

पाच वाजता मामांचा मेसेज आला, "*बॅग भरली. गाडीत ठेवली.*"

मला काही विचारायचा धीर होईना. संतोषने मात्र सरळ फोन लावला आणि आम्हालाही कॉलवर घेतलं.

"मामा, कुठं हाय तुमी?"

"फलाटावर. थांब, गाडी हालली. हात करतोय."

"कुणाला?"

"सुजाताला."

"आन् बॅगंत काय हाय मग?"

"वांग्याची भाजी. दोन डबे. एक तिच्या सासूला."