खर्र्यावर मी लावलेला कर

तंबाखूवरचा कर वाढला अशी बातमी आली की मला कोण आनंद व्हायचा. माझा नवरा दिवसाला सहा खर्रे खायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला ते घासघास घासतो, पुडी बांधून देतो, आणि ती गालात धरून हा माणूस आमची आटाचक्की चालवतो. मी पोंभुर्ण्याजवळच्या गावात अंगणवाडी सेविका. तंबाखूने काय काय सडतं त्याचे रंगीत तक्ते माझ्याच भिंतीवर. बायका तक्ता निरखून बघत आणि विचारत, "बाई, हे चक्कीवाल्या भाऊले दाखवलं का?"

खर्रा महाग झाला की माणूस कमी खाईल, असं सरकारचं गणित. हे गणित मांडणाऱ्याने आमच्या पानठेल्यावर तासभर उभं राहून दाखवावं. भाव वाढला तेव्हा आठवडाभर दोघा गिऱ्हाइकांत एक पुडी चालली. मग ठेलेवाल्याने पुडीच लहान केली आणि आमच्याकडे सहाच्या आठ झाल्या. सुगंधी तंबाखूवर तर म्हणे बंदीच आहे. असेल बापडी. दारूचंही आम्ही तेच पाहिलं. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात बंद झाली, पुन्हा सुरू झाली, वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत अजून बंद आहे, आणि पिणाऱ्याचं कुठल्याच काठावर कधी अडलं नाही.

मग चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टरने नवऱ्याला सांगितलं, स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवा. दोनच गेली. "आत्ता सोडा," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर उद्या चमचासुद्धा जाणार नाही. आणि पुढे काय होतं ते तुमच्या बाईंना माहीत आहे." मला माहीत होतं, तक्त्यातलं शेवटचं चित्र तेच होतं. बसस्टँडवर मी पदराने डोळे पुसत बसले होते, तेवढ्यात हा कुठेतरी जाऊन आला, गाल फुगवून. शेवटचा म्हणे.

त्या संतापात मी कर लावला. घरात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, तो देवाच्या फळीवर ठेवला आणि जाहीर केलं, खर्र्याचे जेवढे ठेलेवाल्याला द्याल तेवढेच या डब्यात टाकायचे. दुप्पट भाव पडला की अक्कल येईल, असं माझं गणित. आता सरकारला तरी मी कोणत्या तोंडाने हसू?

तो भांडेल असं वाटलं होतं. तो मुकाट्याने भरायला लागला. एवढा प्रामाणिकपणा या माणसाने जन्मात कुणाशी केला नव्हता. आधी निदान चोरून खायचा, चूळ भरून घरात यायचा. आता डब्यात पैसे टाकून माझ्यासमोर खुर्चीत बसून पुडी सोडायला लागला. मी तोंड उघडलं की म्हणे, "कर भरला ना मी? मंग कायले बोलून राह्यली? सरकार बोलते का? घेते अन चूप रायते."

डबा भरत गेला. पहिल्यांदा मी शपथ घेतली होती की हे पैसे त्याच्या तोंडाच्या इलाजाचे. मग कुकर बिघडला. मग बचत गटाचा हप्ता एकदा डब्यातून दिला, आणि पुढे दर महिन्याला तिथूनच जायला लागला. गटातल्या बाया म्हणत, बाईचा हप्ता कधी चुकत नाही. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

या हिवाळ्यात हप्त्याच्या आदल्या दिवशी दुपारी डबा काढून मोजले तर हप्त्याला थोडे पैसे कमीच. माझं डोकंच सरकलं. डबा घेऊन तशीच चक्कीवर गेले आणि यंत्राच्या आवाजावर ओरडले, "काहो, डब्यात काऊन नाई टाकले तुमी? चोरून खाऊन राह्यले का?"

त्याने चक्की बंद केली. अंगावरचं पीठ झटकलं आणि हळू, ओठ फारसे न हलवता म्हणाला, "चार दिवस झाले, खाल्लाच नाई. तोंड आलं आहे, जळून राह्यलं. म्हटलं, पाहू सुटते का."

चार दिवस. चार दिवस हा माणूस वरणाच्या पाण्यात भात कुस्करून गिळत होता. ताट मीच वाढत होते. मी मेली डबा बघितला, त्याचं तोंड नाही बघितलं. ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं डोकं आपटलं ती माझ्याच घरात चार दिवस घडत होती, आणि मी तिचा जाब विचारायला आले होते.

तो माझ्या हातातल्या डब्याकडे बघत होता. "हप्ता उद्या आहे ना तुया?" तो म्हणाला. मग खुंटीवरचा दुपट्टा घेतला, पायात चप्पल सरकवली. "थांब. आणतो एक खर्रा."

मी नको म्हणाले. पण लगेच म्हणाले नाही.